शेवाळ संपल्यावर मासा काय खाणार?

घरातल्या रीफ टँकमध्ये शेवाळ वाढायला लागलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: शेवाळ खाईल, पण पोवळ्यांना आणि बाकीच्या माशांना त्रास देणार नाही, असा शांत मासा कोणता? खाऱ्या पाण्याच्या टाक्या बसवून देण्याच्या आणि त्यांची निगा राखण्याच्या कामात हा प्रश्न जितका कानावर येतो, तितका दुसरा कुठलाच येत नाही. प्रश्न रास्त आहे. खडकावर केसांसारखं हिरवं शेवाळ चढलं की ते पोवळ्यांचा उजेड अडवतं, त्यांच्या वाढीची जागा बळकावतं, आणि एवढा खर्च करून उभी केलेली टाकी पाहवत नाही. अशा वेळी एखादा मासा आणून सोडावा आणि त्यानं सगळं साफ करावं, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण या प्रश्नात फक्त आजच्या शेवाळाचा विचार आहे. शेवाळ काही आठवड्यांत संपू शकतं; मासा मात्र नीट सांभाळला तर वर्षानुवर्षं जगतो. हवाईच्या समुद्रात यलो टँग हा शेवाळ खाणारा मासा 40 वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे. म्हणून माझं म्हणणं असं, की शेवाळ खाणारा मासा निवडायचा तो शेवाळ संपल्यानंतरच्या दिवसांचा हिशेब करून. त्या दिवसांत त्याचं पोट भरण्याची आणि त्याला मोकळं फिरू देण्याची सोय आपल्याकडे असेल, तरच तो शेवाळही खाईल आणि शांतही राहील.

दुकानात जातींवर सरळ शिक्के मारलेले असतात: हा शांत, तो भांडखोर, हा पोवळ्यांसाठी सुरक्षित, तो नाही. नवख्या माणसाला सुरुवातीला हे शिक्के उपयोगी पडतात. पण शांतपणा हा जातीइतकाच पोटावर आणि जागेवर अवलंबून असतो, हे त्यांतून कळत नाही. लॉनमोअर ब्लेनी हे याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण. खडकावर खायला आहे तोवर हा मासा कुणाच्या वाटेला जात नाही. खडक स्वच्छ झाला आणि दुसरं काही खायची सवय त्याला लागलेली नसली, की तो खंगत जातो. काही वेळा पोवळ्यांवर आणि मोठ्या शिंपल्यांच्या मऊ कडांवर तोंड मारू लागतो. फॉक्सफेस हा रॅबिटफिश गटातला मासा स्वभावानं भित्रा, पण पोट रिकामं राहिलं की तोही झोअँथिड आणि मांसल पोवळी कुरतडतो. टँगच्या बाबतीत जागेचा प्रश्न मोठा. शेपटीच्या बुडाशी धारदार काटा बाळगणारा हा मासा प्रशस्त टाकीत दिवसभर चरत हिंडतो. तोच अरुंद टाकीत नव्यानं आलेल्या, आपल्यासारख्याच आकाराच्या माशाला कोपऱ्यात दाबून मारतो. म्हणजे, भुकेला ठेवला की शेवाळ खाईल, अशा ज्या उपासमारीच्या भरवशावर आपण माशाला कामाला लावू पाहतो, तीच उपासमार त्याचा शांतपणा घालवते. दोन्ही गोष्टी एकदम मागता येत नाहीत.

दुसरी गोष्ट तोंडाची. 'शेवाळखाऊ' म्हणून विकले जाणारे मासे एकच अन्न एकाच पद्धतीनं खात नाहीत. लॉनमोअर ब्लेनीच्या जाड ओठांमागे बारीक, लवचिक दातांची दाट रांग असते. काचेवरच्या हिरवट थराकडे तो झेपावतो, ओठ टेकवून खरवडतो आणि पुन्हा खडकावर येऊन बसतो. काचेवर ओठांच्या आकाराचा स्वच्छ ठसा उरतो. सकाळी दिवे लागल्यावर काच तिरक्या नजरेनं पाहिली की असे ठसे एकाखाली एक दिसतात. त्याच वेळी शेजारच्या खडकावर दोन बोटं लांब वाढलेल्या शेवाळाच्या झुबक्यांना त्यानं हातही लावलेला नसतो, कारण ते दात खरवडायचे आहेत, तोडायचे नाहीत. ग्रेट बॅरिअर रीफवर या ब्लेनीच्या भाऊबंदांच्या पोटातलं अन्न तपासलं गेलं, तेव्हा त्यात शेवाळापेक्षा गाळच जास्त सापडला. टोमिनी टँग आणि कोले टँग हेही याच पद्धतीचे: कंगव्यासारख्या दातांनी ते खडकावरचा तपकिरी-हिरवा पातळ थर आणि गाळ ओढून घेतात. यलो टँगचे दात मात्र कापणारे आहेत. तो तंतूंचे तुकडे तोडतो. फॉक्सफेस त्याहून जाड, पानासारखं शेवाळ कुरतडू शकतो, आणि काही फॉक्सफेस इतर मासे सहसा न खाणारं ब्रायोप्सिस किंवा बुडबुड्यांसारखं व्हॅलोनियाही खातात. तेव्हा आधी आपल्या टाकीतलं शेवाळ ओळखायचं आणि मगच त्याला साजेशा तोंडाचा मासा शोधायचा.

ओळखण्याच्या या टप्प्यावरच बरीच खरेदी टळायला हवी. नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर पसरणारी तपकिरी भुकटी ही डायटमची असते. पाण्यातलं सिलिकेट संपत आलं की ती बहुधा आपोआप ओसरते. वाळूवर लालसर, बुळबुळीत चादर पसरली आणि चिमटीत धरून ती अख्खी उचलता आली, तर ते शेवाळ नव्हे, सायनोबॅक्टेरिया. तिला वर सांगितलेल्यांपैकी कुठलाही मासा मनापासून तोंड लावत नाही. बुडबुडे धरून लोंबणारी तपकिरी शेंबडासारखी तार दिसली तर डायनोफ्लॅजेलेटचा संशय घ्यावा. त्यांतले काही प्रकार विषारी असतात, आणि ते खाऊन गोगलगायी मरतात. खडकावरचा जांभळा-गुलाबी कडक थर कोरलाइन शेवाळाचा. तो टाकी सुस्थितीत असल्याची खूण आहे, त्याला हात लावू नये. अमुक शेवाळाला अमुकच मासा लागतो, याचा एक मोठा पुरावा ऑस्ट्रेलियातल्या ऑर्फियस बेटावर मिळाला. डेव्हिड बेलवुड आणि सहकाऱ्यांनी तिथल्या प्रवाळखडकाच्या काही भागांवर पिंजरे लावून मासे दूर ठेवले. आत सरगॅसम या शेवाळाचं रान माजलं. पिंजरे काढल्यावर ते साफ करायला पॅरटफिश आणि सर्जनफिश पुढे येतील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात बहुतेक काम केलं ते प्लॅटॅक्स पिनॅटस या बॅटफिशनं, ज्याला तोवर शेवाळखाऊ म्हणून कुणी गणत नव्हतं. हा निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. भरल्या समुद्रात डझनावारी शेवाळखाऊ जाती असताना जर वाढलेल्या शेवाळाला योग्य तोंड एखाद्याच जातीचं निघतं, तर आपल्या टाकीत डोळे मिटून सोडलेला एक मासा सगळं साफ करील, ही अपेक्षा फार मोठी आहे.

यावर जाणकार हौशी माणूस निसर्गाचा दाखला देतो. खऱ्या प्रवाळखडकावर चरणाऱ्या प्राण्यांमुळेच शेवाळ ताब्यात राहतं, मग टाकीत का नाही? दाखला खरा आहे आणि त्याला भक्कम आधार आहे. कॅरिबियन समुद्रात 1983-84 मध्ये डायडेमा जातीच्या लांब काट्यांच्या समुद्री साळिंदरांची साथीनं जवळजवळ वाताहत झाली. जमैकाच्या किनाऱ्यावर शेवाळ खाणारे मासे मासेमारीनं आधीच कमी झाले होते. वादळांचा मारही बसला होता. परिणाम असा झाला, की 1970 च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या खडकांवर 50 टक्क्यांहून जास्त असलेलं जिवंत पोवळ्यांचं आच्छादन 1990 च्या सुमारास 5 टक्क्यांखाली आलं आणि त्यांची जागा शेवाळानं घेतली. चरणारे प्राणी हवेत, याबद्दल म्हणूनच वाद नाही. पण समुद्रात माशांची विष्ठा लाटा आणि प्रवाह वाहून नेतात. आपल्याकडे चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत जेमतेम 250 लिटर पाणी असतं, आणि तेच पाणी फिरत राहतं. माशानं खाल्लेल्या शेवाळातला नायट्रोजन आणि फॉस्फरस थोडासा त्याच्या अंगी लागतो. उरलेला अमोनिया आणि विष्ठेच्या रूपानं पुन्हा पाण्यात येतो. मासा शेवाळ कापतो, पण शेवाळाचं खत टाकीबाहेर नेत नाही. ते काम स्किमर, नियमित पाणी बदलणं, हातानं उपटून काढणं किंवा वेगळ्या कप्प्यात कीटोमॉर्फा हे शेवाळ वाढवून ते खुडणं यांनीच होतं.

आणि खत कुठून येतं, हे पाहिलं तर घरातच उत्तर सापडतं. जास्त खाणं घालणं हे पहिलं कारण. दुसरं कारण पाणी. पिण्यासाठी बसवलेल्या आरओ यंत्रात अनेकदा टीडीएस कंट्रोलर असतो; चवीसाठी तो थोडं मूळ पाणी गाळलेल्या पाण्यात मिसळतो. ते पाणी माणसाला चांगलं, पण रीफ टँकला नाही. आरओनंतर डीआय रेझिनमधून काढलेलं, मीटरवर शून्य टीडीएस दाखवणारं पाणीच मिठात मिसळायला आणि रोज उडून गेलेलं पाणी भरून काढायला घ्यावं. शहराच्या किनाऱ्यावरून कॅन भरून समुद्राचं पाणी आणण्याची प्रथा आहे. त्या पाण्यात सांडपाण्याचं खत आधीच मिसळलेलं असतं. नायट्रेट 5 ते 10 पीपीएम आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम या पट्ट्यात बहुतेक मिश्र रीफ टाक्या चांगल्या चालतात. दोन्ही शून्यावर आणण्याचा हट्टही धरू नये. तशा पाण्यात पोवळी फिकटतात आणि डायनोफ्लॅजेलेटना मोकळं रान मिळतं. ही घडी बसलेली असेल तर शेवाळखाऊ मासा राहिलेलं काम उत्तम करतो. ही घडी बसलेली नसेल तर कितीही मासे आणले तरी प्रत्येक मासा टाकीत रोज घालायचं खाणं वाढवतो, म्हणजे खतच वाढवतो.

मग पुढचा आक्षेप येतो: पोटभर खायला घातलं तर मासा शेवाळ कशाला खाईल? म्हणून दुकानात सर्रास सल्ला मिळतो, की खाणं बंद करा, भूक लागली की खाईल. हा सल्ला शेवाळ खाणाऱ्या माशांच्या शरीराच्या विरुद्ध आहे. शेवाळात घासागणिक पोषण कमी असतं, म्हणून या माशांची आतडी लांब आणि सवय दिवसभर थोडंथोडं टिपत राहण्याची. दिवसातून एकदा किंवा दोनदा मोजका नोरीचा तुकडा दिला तरी टँग उरलेला सगळा वेळ खडक चाचपत असतो. ते त्याचं चरणं भुकेवर कमी आणि सवयीवर जास्त चालतं. अति खाऊ घातलं तर तो आळसावेल, हे मान्य. पण मोजकं देणं आणि उपाशी ठेवणं यांत मोठं अंतर आहे. आणि उपाशी मासा फक्त पोवळी कुरतडण्यापुरता धोका नसतो; अशक्त झालेल्या माशावर क्रिप्टोकॅरिऑन, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा समुद्री रोग, आधी चढतो आणि मग सगळ्या टाकीत पसरतो. सुशी करण्यासाठी वापरतात तो वाळवलेला, तेल-मीठ-मसाला नसलेला नोरी क्लिपमध्ये अडकवून टाकीच्या काचेला लावला की काम होतं. मासा नीट खातो आहे का, हे वजनावरून नव्हे, समोरून पाहून कळतं. छातीच्या परांच्या मागचं पोट भरलेलं, किंचित गोल असावं. ते आत ओढलेलं दिसलं, डोळ्यांच्या वरचा डोक्याचा भाग खोलगट झाला, तर मासा खडक कितीही टिपत असला तरी उपाशी आहे.

आता निवडीकडे येऊ. दोन फुटी, शंभर-सव्वाशे लिटरच्या टाकीत टँग किंवा फॉक्सफेस यांचा विचारच करू नये. अशा टाकीसाठी माशांमध्ये माझी पहिली शिफारस काळी किंवा रुपेरी मॉली ही आहे. गोड्या पाण्यातला दोन-चार आण्यांचा मासा म्हणून रीफवाले तिच्याकडे पाहत नाहीत, हे चुकीचं आहे. मॉली मुळातच खाडीच्या मचूळ पाण्यात राहणारी. काही तासांत थेंबथेंब खारं पाणी मिसळत नेलं तर ती पूर्ण खाऱ्या पाण्यात आनंदानं राहते. तंतूचं शेवाळ ती दिवसभर खुडते, पोवळ्यांच्या वाटेला सहसा जात नाही, आणि शेवाळ संपल्यावर साधं कोरडं खाणं खाते. गोड्या पाण्यातले परजीवी खाऱ्या पाण्यात टिकत नाहीत, आणि ती पाळीव पैदाशीची असल्यानं समुद्रातून कुणाला पकडावं लागत नाही. डॅमसेलसारखा दांडगा मासा टाकीत असेल तर मात्र ती सोडू नये. तीन फुटी, जुन्या आणि भरपूर खडक असलेल्या टाकीत लॉनमोअर ब्लेनी चालतो. तो सुमारे 14 सेंटिमीटर होतो. शेवाळाच्या गोळ्या आणि नोरी खाताना दुकानातच दिसला तरच तो घ्यावा, आणि त्याच चणीचा दुसरा ब्लेनी सोबत ठेवू नये. चार फुटी टाकीत टोमिनी टँग हा टँगांपैकी सगळ्यांत समजूतदार पर्याय: 15-16 सेंटिमीटरवर थांबणारा आणि गटात तुलनेनं सौम्य. यलो टँगला सुमारे 20 सेंटिमीटरच्या देहासाठी आणि तापट स्वभावासाठी त्याहून मोठी टाकी द्यावी. फॉक्सफेस 24 सेंटिमीटरपर्यंत वाढतो. त्याला पाच-सहा फुटांची टाकी हवी. त्याच्या पाठीवरचे काटे विषारी असतात, त्यामुळे टाकीत हात घालताना त्याच्यावर नजर ठेवावी. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा आणि डॉक्टरकडे जावं.

काही जण म्हणतात, आत्ता लहान पिल्लू घेऊ, मोठं झालं की दुकानात परत देऊ. कागदावर हा मार्ग सोपा दिसतो. प्रत्यक्षात खडक आणि पोवळी रचलेल्या टाकीतून टँग पकडणं म्हणजे अख्खी मांडणी मोडणं. खडक उचलताना चिकटलेली पोवळी तुटतात, तळाचा गाळ उसळतो, आणि ज्या शेवाळासाठी हा खटाटोप केला त्यालाच पुन्हा खत मिळतं. दुकानदारानं मोठा, टाकीची सवय झालेला मासा परत घेण्याची खात्री नसते, आणि घेतला तरी तो पुढे आणखी लहान टाकीत जातो. दुसरं म्हणणं असं, की मग मासाच कशाला, गोगलगायी आणून भागवू. पातळ थरासाठी हे अगदी बरोबर आहे. ट्रोकस आणि टर्बो गोगलगायी काच आणि खडक उत्तम साफ करतात, खाणं कमी मागतात, आणि छोट्या टाकीत त्यांनीच सुरुवात करावी. पण लांब वाढलेल्या तंतूंपुढे त्यांचं फारसं चालत नाही. आधी हातानं आणि जुन्या टूथब्रशनं जेवढं निघेल तेवढं काढायचं, सुटलेले तुकडे नळीनं ओढून बाहेर टाकायचे, मग उरलेल्या आखूड खुंटांवर गोगलगायी आणि मासा दोन्ही सोडायचे, हा क्रम सगळ्यांत लवकर फळ देतो.

मासा आणि खडक कुठून येतात, हेही या निवडीतच धरायला हवं. टाक्यांसाठी मासे पकडण्याबाबत हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सप्टेंबर 2017 मध्ये आला आणि त्यानंतर तिथली टाक्यांसाठीची यलो टँगची व्यापारी पकड आधी आक्रसली आणि मग थांबली. त्याआधी, 2015 मध्ये, हवाईतल्या ओशनिक इन्स्टिट्यूटनं यलो टँग प्रयोगशाळेत अंड्यापासून वाढवून दाखवला होता. आज बाजारात मिळणारा यलो टँग पैदाशीचा असेल तर तो महाग पडतो, पण तो टाकीतलं खाणं आधीपासून खात असतो. आपल्या मूळ प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं. आणि आपल्या किनाऱ्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. प्रवाळखडक उभारणारी पोवळी 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणचं सागरी अभयारण्य असो की कोकणातला दुसरा कुठलाही खडकाळ किनारा, तिथून जिवंत पोवळं किंवा त्यावर वाढलेला खडक उचलणं हा गुन्हा आहे. 'लोकल लाइव्ह रॉक' म्हणून कुणी तसा माल देत असेल तर तो घेऊ नये.

या सगळ्याचा निष्कर्ष खरेदीच्या आधी स्वतःला विचारायच्या चार प्रश्नांत मावतो. वाढलं आहे ते नेमकं कोणतं शेवाळ? ते खाणारं तोंड कोणत्या माशाचं? तो मासा पूर्ण वाढल्यावर माझ्या टाकीत मोकळा फिरेल का? आणि शेवाळ संपल्यावर तो रोज काय खाईल? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं दुकानदारही देऊ शकतो, चौथ्याचं फक्त तुम्ही. दुकानात उभं राहून मासा निवडताना नोरीचा तुकडा टाकायला सांगा, आणि तो खाताना डोळ्यांनी पाहा. खात नसेल तर कितीही देखणा असला, कितीही शांत म्हणून सांगितला, तरी त्या दिवशी रिकाम्या हातानं घरी या. टाकीतलं शेवाळ आणखी आठवडाभर थांबू शकतं. उपाशी मासा थांबू शकत नाही.